कफ्र बलशूनचा सरकता रस्ता

कफ्र बलशून गावात स्टेशनापासून शुक्रवारच्या बाजारापर्यंतचा रस्ता रुंद करायचं ठरलं, तेव्हा नगरकचेरीने त्याचा रीतसर नकाशा काढला. नकाशावर रस्ता सरळ होता. सगळ्या भानगडीचं मूळ तेवढंच.

नकाशा कचेरीच्या संगणकात एका फाईलीत होता, आणि ती फाईल सगळ्यांना उघडी होती. कोणीही पाहावी, कोणीही बदलावी. पहिल्याच आठवड्यात संचालक फहीम बे यांच्या नव्या इमारतीपाशी रस्त्याने किंचित पोट आत ओढलं. मग अभिलेख विभागाच्या मादाम इन्साफ यांच्या भावाच्या घराला त्याने अदबीने वळसा घातला. कचेरीसमोरच्या कॉफीखान्यापाशी तर तो हुक्क्याच्या नळीसारखा वळला. आराखडा विभागाचा अभियंता रगाई रोज सकाळी हे बघायचा आणि 'फूल' नावाच्या वालाच्या उसळीत भाकरी बुडवता बुडवता खुदकन हसायचा.

एका सकाळी घास तोंडातच राहिला. रस्ता आता त्याच्या आईच्या घरातून जात होता. नेमका गच्चीवरच्या कबुतरांच्या मनोऱ्यातून. आणि बुलडोझर रविवारी येणार होता.

रगाई शिकलेला माणूस; युनिक्स नावाची संगणकप्रणाली कोळून प्यायलेला. फायलींचे परवाने युनिक्सच्या रीतीने द्यावेत असं वरून आलेलं परिपत्रकही होतं. कचेरीचा संगणक मात्र विंडोजचा. म्हणून विंडोजच्या पोटात युनिक्ससारखी वागणारी एक काळी खिडकी बसवली होती. तिच्यात हुकूम टंकायचे आणि परिपत्रकाचं समाधान करायचं. रगाईने हुकूम टंकला: सीएचमॉड, सहा-शून्य-शून्य. म्हणजे फाईल मालकाने वाचावी, मालकाने बदलावी, बाकीच्यांनी लांब राहावं.

खिडकी काही बोलली नाही. युनिक्सच्या रीतीत काही न बोलणं म्हणजे काम फत्ते. तरी खात्री असावी म्हणून रगाईने परवाने विचारले. उत्तर आलं: सात-सात-सात. सर्वांना सर्व काही. त्याने पुन्हा हुकूम सोडला. पुन्हा शांतता, पुन्हा सात-सात-सात. पेपर वाचत बसलेला नवरा बायकोला जसा 'हो हो' म्हणतो, तसा तो संगणक त्याचं ऐकत होता.

रगाई धावत मादाम इन्साफ यांच्याकडे गेला. त्या टेबलावर मोलोखियाच्या पालेभाजीची पानं खुडत होत्या. शेजारी सरकारी शिक्के.

"मादाम, ही काळी खिडकी विंडोजच्या घरात भाड्याने राहते. भाडेकरूने कितीही ओरडलं तरी किल्ली घरमालकाकडेच. विंडोजचा पासवर्ड तुमच्याकडे आहे. तिकडून कुलूप घाला, एका मिनिटाचं काम आहे."

"तू हुकूम दिलास?"

"दिला."

"संगणक नाही म्हणाला?"

"नाही."

"कुरकुरला?"

"नाही, पण—"

"अरे लेकरा, माझी हयात गेली या कचेरीत. इतका आज्ञाधारक कर्मचारी मी पाहिला नाही. आणि तू त्याचीच तक्रार घेऊन आलास?"

"मादाम, फाईल उघडीच आहे हो!"

"हुकूम गेला, नकार आला नाही. म्हणजे बंद. तुला उघडी दिसते, तर एकदा डोळे तपासून घे."

त्याच दुपारी फहीम बे यांनी आदेश काढला: सदर फाईल सर्वांसाठी बंद करण्यात आलेली आहे. कार्यवाही करणारा म्हणून खाली रगाईची सही घेतली. शाई वाळेपर्यंत रस्ता आईच्या स्वयंपाकघरात पोचला होता.

रगाईने फहीम बे यांचं दार वाजवलं. "साहेब, पुन्हा कोणीतरी रस्ता सरकवला."

"ये, बाशमुहंदिस, ये इंजिनियरसाहेब, बस. चहा घे. ही सही कोणाची?"

"माझी."

"फाईल बंद आहे असं कोण म्हणतं?"

"मी... म्हणजे तुम्ही."

"मग बंद फाईल कोण बदलणार? कोणीच नाही. अर्थ सरळ आहे. रस्ता आपला आपण सरकला."

समिती बसली. तिच्यापुढे एका मृदातज्ज्ञाने साक्ष दिली, की या भागातली जमीन गाळाची आहे. गाळाच्या जमिनीवरचे रस्ते नकाशातसुद्धा घसरतात. रेघ जाड करावी, म्हणजे वजनाने जागच्या जागी बसेल. रेघ जाड केली. त्यात आईचं न्हाणीघरही गेलं.

त्याची आई, सित्त नबवीया, गच्चीवर कबुतरांना दाणे टाकत होती. "इतका शिकलास," ती म्हणाली, "आणि तुला एक रेघ हलवता येत नाही?"

"आई, ते बेकायदा आहे."

"मग फहीमची रेघ कोणी हलवली? जिन-भुताने?"

"फाईल बंद असायला हवी, आई."

"आहे का बंद?"

"नाही."

"मग कोणाच्या परवानगीची वाट बघतोस? या कबुतरांच्या?"

गुरुवारी कचेरी सुटता सुटता रगाईने फाईल उघडली आणि रस्ता आईच्या घरावरून ढकलला. शेजारी बेकरीवाला; त्याचा जावई लेखा विभागात. पुढे ढकलला. तिथे मास्तर, त्यांची मेहुणी नोंदणीत. असं करत करत रस्ता नकाशाच्या कडेला आला. कडेपलीकडे नुसता पांढरा कागद. तिथे कोणी राहत नव्हतं, म्हणजे कचेरीत तिथलं कोणी नव्हतं. रगाईने डोळे मिटले आणि रस्ता तिकडे सोडून दिला.

"झालं का रे?" मागे मादाम इन्साफ उभ्या होत्या, हातात मोलोखियाची पिशवी. "तुझंच राहिलं होतं. ऊठ."

त्या बसल्या, विंडोजचा पासवर्ड घातला आणि खटकन कुलूप लावलं. खरोखर एक मिनिटही लागलं नाही. रगाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने रस्ता पुन्हा सरळ करायला हात घातला, आणि इतके दिवस मुका असलेला संगणक पहिल्यांदा बोलला: परवानगी नाही.

"मादाम, पण तो रस्ता तिकडे कोणाच्यातरी—"

"फाईल बंद आहे, लेकरा. पहिल्या दिवसापासून बंद आहे. सही तुझीच आहे ना?"

रविवारी रगाईने आईच्या हातचं भरलं कबूतर दोनदा मागून खाल्लं. बुलडोझर नकाशाबरहुकूम गावाबाहेर पडला आणि पांढऱ्या कागदाच्या दिशेने निघाला.

त्या पांढऱ्या कागदावर कोण राहतं, हे आता वेगळं सांगायला नको. इतका वेळ हसत होतात, म्हणून खिडकीबाहेरची घरघर तुम्हाला ऐकू आली नाही. जरूर तक्रार करा, तो तुमचा हक्कच आहे. फक्त अर्जात एवढं खरं लिहा: फाईल तुमच्या हाती उघडी लागली असती, तर तुम्ही रस्ता सरळ केला असता, की थोडासा शेजाऱ्याकडे ढकलला असता?