शनिवारचा ढ

आमच्या उंब्रजच्या शाळेतला सर्वांत ढ विद्यार्थी पन्नाशीचा होता आणि वरच्या वर्गांना गणित शिकवायचा.

त्यांना सगळे नानामास्तर म्हणत. शनिवारी सकाळची शाळा सुटली, की गणिताचे नाना, भूमितीचे जोशीमास्तर आणि शास्त्राचा मी, असे तिघे एका वर्गात बसायचो. एकानं पुढचा धडा शिकवायचा, बाकीच्यांनी पोरं व्हायचं. त्यांतला एक ढ. ढ 'कळलं' म्हणेपर्यंत कुणी उठायचं नाही. नियम नानांचा, आणि ढ होण्याचा मक्ताही त्यांचाच. टोपी तिरकी करून ते शेवटच्या बाकावर जाऊन बसत.

एकदा मी पहार आणून तरफ शिकवली. घाम गाळून भलामोठा दगड उचलून दाखवला.

"कळलं न्हाई, मास्तर."

"काय कळलं नाही?"

"दगूड उचलायचाच कशापायी? पडलाय तर पडू दे की!"

पुढच्या शनिवारी लोखंड तापलं की वाढतं, हे सांगितलं. नाना बुटके. लगेच उठून उभे राहिले.

"मग उन्हाळ्यात मी का वाढंना?"

जोशीमास्तर हसता हसता बाकावरून घसरले. मी मात्र भडकलो. पण सोमवारी वर्गात नेमका हाच प्रश्न आला आणि उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. नानांचे पाय धरावेसे वाटले.

जोशींच्या घरी ताट वाढलेलं असे, माझी बायको दारात उभी असे. नानांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा फौजेत, लढाईवर.

"आवं नाना, भाकरी गार झाली, कळू द्या की आता!" जोशी हात जोडत.

"न्हाई कळलं," नाना खुशीत म्हणत.

मग मला म्हसवडला नोकरी लागली. शेवटच्या शनिवारी बाहेर मोटार उभी होती. लढाईमुळे पेट्रोल नव्हतं, कोळशावर चालायची. क्लीनर भट्टी फुंकत होता, बायको सामान घेऊन आत बसली होती.

"नाना, आज लवकर कळू द्या हं," म्हणत मी खडू उचलला.

नाना उभे राहिले. टोपी सरळ केली.

"कळलं, मास्तर."

"अहो, अजून शिकवलंच कुठं?"

"कळलं म्हन्लं न्हवं? जावा. मोटार जाईल."

मी खडू खाली ठेवला. नमस्कार करून निघालो. जोशीही घराकडं वळले. मोटारीत चढताना मागं पाहिलं, तर रिकाम्या वर्गात नाना टोपी तिरकी करून परत शेवटच्या बाकावर बसले होते.