फोल्डरला लावलेला श्री

अजिनाथने केलं काय, तर दसऱ्याच्या सकाळी लॅपटॉपमधल्या एका फोल्डरच्या नावाआधी 'श्री' लावला. बस्स, एवढंच. माणसाला एवढीही मुभा नसावी का?

पण हे त्याने चोरून केलं आणि सगळं रामायण तिथून सुरू झालं.

चोरून अशासाठी, की राहात्याजवळच्या त्यांच्या वस्तीवर अजिनाथ हा एकमेव विज्ञाननिष्ठ माणूस होता (असं तो स्वतःच सांगायचा). बावीस वर्षं साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरीची कारकुनी केली. तीन हंगामांपूर्वी कारखाना बंद पडला आणि तेव्हापासून घर बायकोच्या, म्हणजे मनकर्णाच्या शिलाई मशीनवर चालू होतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी हा गडी लेकीच्या पुस्तकांवरून पायथन शिकला. पायथन म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा. त्या जोरावर ढीगभर अर्ज केले. बहुतेकांनी वय विचारलं आणि फोन ठेवला. पुण्याच्या एकाच कंपनीने परीक्षा ठेवली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, अकरा ते एक, घरबसल्या. दोन गणितं आपल्या लॅपटॉपवर चालवून उत्तरं पाठवायची. पास झाला तर नोकरी, नाही तर पुन्हा कुणी विचारेल अशी आशा घरात कुणालाच नव्हती.

दसऱ्याला मनकर्णाने कोयता, खुरपं, शिलाई मशीन यांच्या ओळीत लॅपटॉपही मांडला आणि झाकणाला हळद-कुंकू लावलं.

"अगं, हे विज्ञान आहे! याला हळद कसली लावतेस?"

"तुमच्या पोटाचं हत्यार हाय ते. ऱ्हाऊ द्या."

अजिनाथने अंधश्रद्धेवर पाच-दहा मिनिटं भाषण ठोकलं. मग ती सोनं वाटायला शेजारी गेली आणि याला उद्याची परीक्षा आठवली. कारखान्यात दर दसऱ्याला नव्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर तो श्री काढायचा. (ते विज्ञानात बसत होतं का, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.) गेल्या तीन वर्षांत कुठेच काढला नव्हता, आणि काय दिवस आले बघा! त्याने लॅपटॉप उघडला आणि ज्या फोल्डरात पायथन राहतं, त्याच्या नावाआधी श्री टाइप केला. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की बदलायचं ना? शुभकार्याला काय विचारतोस लेका, म्हणत त्याने होय दाबलं. दसऱ्याला पुजलेलं हत्यार चालवत नाहीत, म्हणून नंतर दिवसभर लॅपटॉप बंदच राहिला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता परीक्षा सुरू झाली. अजिनाथने कॉम्प्युटरला आज्ञा द्यायची काळी खिडकी उघडली, पायथनला हाक मारली आणि खिडकीने इंग्रजीत उत्तर दिलं, की असलं काही आमच्या माहितीत नाही.

त्याने पुन्हा हाक मारली. लॅपटॉप बंद करून चालू केला. पायथन नव्याने टाकायला घेतलं, तर ते म्हणे आधीच टाकलेलं आहे. मस्टरवर सही आणि खुर्ची रिकामी, अशी माणसं त्याने टाइम ऑफिसात बावीस वर्षं पाहिली होती, पण त्यांना निदान घरून बोलावून आणता यायचं.

बारा वाजले. घामाने सदरा पाठीला चिकटला. तेवढ्यात लॅपटॉपच्या बटणांच्या फटीत त्याला झेंडूची पाकळी दिसली.

"मनकर्णा! बघ, बघ हे! तुझ्या त्या हळदीनं मशीनचं वाटोळं झालं. तीन वर्षांची मेहनत मातीत घातलीस माझी!"

त्याने लॅपटॉप उलटा करून झटकला. चार अक्षता पडल्या. मनकर्णाने शिलाई मशीनवरचा पाय थांबवला आणि त्या अक्षता एकेक करून वेचल्या.

"माज्यामुळं झालं का ओ? मला काय ठावं... मी चांगलंच व्हावं म्हनून लावली." आणि तिला रडू फुटलं.

नेमकं तेव्हाच अजिनाथला आठवलं. श्री! पायथन त्याच्या जुन्याच पत्त्यावर शोधलं जात होतं आणि घरावरची पाटी यानेच बदलली होती. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. नाव पूर्ववत करायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण शेजारी लेक सृष्टी उभी, समोर बायको रडतेय आणि कालचं भाषण अजून घरात घुमत होतं.

"जा, चहा टाक," तो म्हणाला.

"चहा नको मला. मी हितंच बसते."

"सृष्टी, तू पाणी आण."

"पप्पा, तांब्या तुमच्या पुढ्यातच आहे."

त्याने लॅपटॉप भिंतीकडे वळवला, तर सृष्टी भिंतीकडे गेली. असा अर्धा तास गेला. ज्या नोकरीसाठी जीव टांगणीला लागला होता, ती हा माणूस लाजेपायी डोळ्यांदेखत घालवत होता. काय म्हणावं याला!

शेवटी सृष्टीनेच मुजफ्फरला फोन लावला. तो कारखान्यातला जुना सोबती, आता राहात्यात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवायचा. अजिनाथ नको नको म्हणेपर्यंत तिने लॅपटॉपचा ताबा इंटरनेटवरून मुजफ्फरला देऊनही टाकला. पडद्यावरचा बाण आपोआप चालू लागला, दोन-चार ठिकाणी हिंडला आणि एका जागी थांबला.

"भाऊ," फोनमधून आवाज आला, "ह्या फोल्डरला श्री कुनी लावला?"

सृष्टीने बापाकडे पाहिलं. बाप तांब्याकडे बघत होता.

मनकर्णाने पदराने डोळे पुसले. नवऱ्याचा उतरलेला चेहरा तिने एकदाच पाहिला. जिला लॅपटॉप चालू कुठून होतो हेही ठाऊक नव्हतं, ती म्हणाली, "मीच लावला, भाऊ."

"कमाल हाय वहिनी तुमची!" म्हणत मुजफ्फरने श्री पुसला. पायथन सुरू झालं तेव्हा एकला आठ मिनिटं कमी होती. अजिनाथचं एक गणित निम्मं झालं.

कंपनीचा नकार तिसऱ्या दिवशी आला. चांगला तीन ओळींचा होता. अजिनाथ तो घेऊन ओट्यावर बसला आणि बराच वेळ उठला नाही. मनकर्णा शेजारी येऊन बसली. तिची माफी मागावी असं त्याला फार वाटलं, पण त्याने तो नकारच पुन्हा वाचायला घेतला.

तेवढ्यात मुजफ्फरचा फोन आला. अजिनाथ धडपडून उठला. दुकानात माणूस हवाय, असं मुजफ्फर मागे एकदा बोलला होता.

"भाऊ, दुकानात माणूस पायजे," मुजफ्फर म्हणाला. "सोमवारपासून वहिनींना पाठवता का? कॉलेजची पोरं येत्यात, त्यांना माऊस नीट धरता येत न्हाई. आन् वहिनी शिवन करता करता सिस्टीमच्या फोल्डरचं नाव बदलत्यात! लई हुशार बाई हाय. आख्ख्या राहात्याला सांगितलं मी."

अजिनाथ हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

सोमवारला चार दिवस होते. त्याने त्याच संध्याकाळी बायकोला लॅपटॉपपुढे बसवलं आणि सगळ्यात आधी फोल्डरचं नाव बदलायला शिकवलं.