रेडिओतला उंदीर

या, असे जवळ बसा. लांबून काय पानं उलटताय? आणि आमच्या गणूतात्यांना वेडं म्हणायचं असेल तर आधी माझं ऐकून घ्या, मग खुशाल म्हणा.

बंद पडलेला रेडिओ तात्यांपुढं ठेवला, की ते त्याला हात लावत नाहीत. घरातल्या माणसांना ओळीनं उभं करतात. खिशात स्क्रू फिरवायचा डिसमिस असतो, पण तो बाहेर येत नाही. "आदी चवकशी," म्हणतात, "डिसमिस मागनं." लष्करात गाड्या दुरुस्त करण्यात जन्म गेला. पेन्शन घेऊन काष्टीजवळ आमच्या शेजारी येऊन राहिले, एकटेच. लग्न का नाही केलं विचारलं तर म्हणतात, "रजा मिळाली न्हाई."

गुन्हेगाराचं नाव चारचौघांत सांगायचं, हा त्यांचा नेम. सरपंचांच्या ओट्यावर सरपंचांनाच म्हणाले, "रेडिओवर पान्याचा तांब्या ठिवनारा इसम तुमीच." सरपंचांनी चहा विचारला नाही. तात्यांनीही वाट बघितली नाही.

गेल्या दसऱ्याला आमचा रेडिओ मुका झाला. मालकांनी तो पुण्याहून एसटीत मांडीवर धरून आणलेला. कुणी हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद. आणि आदल्या दिवशी, खंडेनवमीला, विळ्या-कोयत्यांची पूजा करता करता सासूबाईंनी रेडिओचीही केली. हळद, कुंकू, अक्षता, वरून फुलानं पाणी. रेडिओच्या पाठीला भोकं असतात. मी पाहिलं, पण बोलले नाही. मालक रागावले की जेवण टाकतात, महिनाभर बोलत नाहीत. आईवर मात्र ते आजवर कधी रागावले नव्हते. या वयात तो दिवस सासूबाईंना बघायचा नव्हता.

तात्या आले. ओळ लागली.

"शेवटी काय बोलत हुता?"

"बाजारभाव," मालक म्हणाले.

"कशाचा?"

"कांद्याचा."

"मग गप बसला यात त्याचा दोष न्हाई. बरं, याच्याजवळ कोन गेलं हुतं?"

मी म्हणाले, "मांजर."

"हजर करा."

मांजर हजर झालं नाही. तात्या सासूबाईंकडं वळले. "वैनी, तुमी?"

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं?" सासूबाईंनी पदर पिळून पिळून दोरी केली होती.

मग डिसमिस निघाला. मागचा पुठ्ठा सुटला. तात्या आत वाकले ते वाकलेच राहिले. मी बॅटरी धरून शेजारी उभी. तारांवर ओलं कुंकू, काचेच्या बल्बाला चिकटलेल्या अक्षता, झेंडूची एक पाकळी.

"काय घावलं, तात्या?" मालकांनी विचारलं. "नाव सांगा. कोन हाय?"

सासूबाईंनी भिंत धरली.

"उंदीर," तात्या म्हणाले.

"आमच्यात उंदीर?"

"लई बारीक हुता. पळाला."

आतलं सगळं त्यांनी स्वतःच्या रुमालानं पुसलं, रेडिओ उन्हात ठेवला, फ्यूज बदलला. दुपारी रेडिओ खरखरला आणि बोलू लागला. मालक लगोलग सापळा आणायला गेले.

ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "भावजी, खोटं का वो बोल्लात?"

तात्यांनी मान वर केली नाही. "वैनी, लष्करात आमच्या हत्यारांची पूजा साहेब करायचा. घरातल्या मान्सानं हळद-कुकू लावल्यालं मी पयल्यांदा बगितलं. त्याला गुन्हा कसा म्हनू?"

सासूबाई आत गेल्या, ताम्हण घेऊन आल्या. पाट मांडला. "ठिवा तुमची हत्यारं हितं."

तात्यांनी डिसमिस, पक्कड, एकेक काढून ठेवलं. मग उगीच उभे राहिले, टोपी नीट केली.

काम असल्याशिवाय हा माणूस कुणाच्या दारात येत नाही, आणि आमचा रेडिओ तेव्हापासून मेला ठणठणीत आहे. म्हणून सांगते, तुमच्याकडं घड्याळ, रेडिओ, शिलाई मशीन, काही बिघडलं असलं तर घेऊन या. नसलं बिघडलं तरी या. चहा टाकते, तात्यांना हाक मारते, पुढचं बघू. पण लवकर या.