मेक्सिकन भजन मंडळ

देवराव लांजेवारांचं ठाम मत होतं, की नवऱ्याला बायकोपासून काही लपवायचं असेल तर त्यानं ते अर्धवट लपवू नये. पक्क्या बंदोबस्तानं लपवावं!

"अबे, मी प्लॅन्टचं अख्खं स्टोअर सांभाळून राहिलो," ते छाती फुगवून सांगायचे. "नटबोल्टापासून क्रेनच्या दोरापर्यंत! मले एक बायको सांभाळणं कठीण आहे का बे?"

हे ते सांगायचे दयारामला आणि चिंधूला. आणि कुठे सांगायचे? भिलाईत, सुपेल्याच्या 'सोनचिडिया' बारमध्ये, कोपऱ्यातल्या टेबलावर, दर शनिवारी, दुसऱ्या पेगाच्या सुमाराला!

घरी मात्र देवराव दर शनिवारी भजनाला जात. सेक्टर सहाच्या क्वार्टरमधून संध्याकाळी पांढरा कुर्ता घालून निघायचे. हातात कापडी पिशवी, पिशवीत टाळांची जोडी. भजन मंडळात तीनच माणसं. हेड क्लार्क देवराव, त्यांच्या हाताखालचा दयाराम, आणि क्रेन चालवणारा चिंधू. टाळ वर्षानुवर्षं पिशवीबाहेर आले नव्हते. बारमधला गुलाब वेटर बिलासोबत बशीत बडीशेप आणायचा, आणि बडीशेपेच्या शेजारी अष्टगंधाची पितळी डबी. ती डबी बारच्या काउंटरवरच ठेवलेली असायची. तिघंही कपाळावर ठळक गंध ओढायचे, वेलदोडा चघळायचे आणि भक्तिभावानं आपापल्या घरी जायचे.

कमलिनीबाई दार उघडायच्या. कपाळावरचा गंध बघायच्या. "झालं का भजन?" विचारायच्या आणि ताट वाढायच्या. आहे की नाही बंदोबस्त?

पण त्या वर्षी आषाढात घोटाळा झाला. कमलिनीबाईंनी दूध सोडलं! नुसतं दूध नाही, तर दही, ताक, लोणी, तूप, सगळं!

"अवं, पण कावून?" देवराव हादरले. कारण कमलिनीबाईंचा जीव होता चहात. साय घातलेला घट्ट चहा सकाळी पोटात गेल्याशिवाय त्या कोणाशी धड बोलत नसत.

"तुम्ही इतकं भजन करता. म्हटलं, आपणही काहीतरी करावं," कमलिनीबाई म्हणाल्या. "मनात एक इच्छा धरली आहे. ती पूर्ण होईपर्यंत दूधदुभतं बंद!"

"कोणती इच्छा?"

"सांगायची नसते!"

देवरावांनी ओळखलं. त्यांचं ऑफिस सुपरिंटेंडेंटचं प्रमोशन अडकलं होतं. बिचारी आपल्यासाठी करून राहिली! रोज सकाळी कमलिनीबाई काढा घेतल्यासारखं तोंड करून काळा चहा प्यायच्या, आणि समोर बसलेल्या देवरावांना आपला दूध घातलेला चहा घशाखाली उतरत नसे. दोनदा तर त्यांच्या ओठावर आलं, की सांगून टाकावं सगळं. पण सांगायचं कसं? ज्या भजनाच्या भरवशावर बाईनं दूध सोडलं, ते भजन सोडा घालून घेतो म्हणून? तिचं मनच मोडलं असतं. आणि मग तिनं जे काही मोडलं असतं, त्याचा तर विचारच नको!

अशात जावई आले. अरुणकुमार. मुंबईच्या एका कंपनीत होते, प्लॅन्टमध्ये काहीतरी टेंडरचं काम निघालं म्हणून दोन दिवसांसाठी आलेले. सासूबाई दूधदुभतं खात नाहीत म्हटल्यावर जावई पेचात पडले. बासुंदी नाही, पनीर नाही, कढी नाही. बाईला बाहेर जेवायला न्यायचं तरी कुठे?

शनिवारी दुपारी ते नाचतच घरी आले. "आई! सापडलं! मेक्सिकन!"

"म्हणजे काय हो?"

"मेक्सिको देशातलं जेवण! मका, राजमा, टमाटर, मिरची. वर चीज घालतात, ते नको म्हणायचं, की दुधाचा थेंब नाही! सुपेल्याला एका हॉटेलात सुरू केलंय. बाहेर हा एवढा बोर्ड आहे. 'सोनचिडिया'!"

देवरावांच्या हातातला पेपर खाली पडला.

"जावईबापू, ते हॉटेल काही चांगलं नाही."

"का हो बाबा? गेला होतात का?"

"मी? मी कावून जाईन? लोक म्हणतात! अन् आज तर माझं भजन आहे!"

"एक शनिवार देव सांभाळून घेईल," कमलिनीबाई म्हणाल्या. "जावयाचं मन मोडू नका."

जावयाच्या शब्दापुढे सासरा काय बोलणार? संध्याकाळी देवराव कंपनीच्या गाडीत असे बसले, जसं कोणी त्यांना दुर्गच्या कोर्टात हजर करायला नेतंय.

'सोनचिडिया'चा तर नूरच पालटला होता! मालकाचा भाचा दुबईच्या हॉटेलात नोकरी करून परतला होता, त्यानं ही मेक्सिकोची टूम काढलेली. त्याला पाहिजे होत्या मेक्सिकन टोप्या. भिलाईत त्या कुठून मिळायच्या? म्हणून त्यानं कुरुदच्या गुराख्यांकडून बांबूच्या खुमऱ्या आणल्या, त्यांच्या रुंद कडांना लाल झालर शिवली आणि सगळ्या वेटरांच्या डोक्यावर चढवल्या. चार-दोन खुमऱ्या दारातच खिळ्याला टांगून ठेवल्या होत्या, शोभा म्हणून.

आता अडचण अशी, की फॅमिलीवाल्या केबिनी मागच्या बाजूला. तिथे जायचं तर बारमधून आडवं जावं लागे. आणि बार शनिवारचा! माणसांवर माणसं, धूर, आरडाओरडा, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर दयाराम आणि चिंधू!

देवरावांनी क्षणाचाही विचार केला नाही. खिळ्यावरची खुमरी काढली आणि हनुवटीपर्यंत ओढली!

"अहो, हे काय?" कमलिनीबाई दचकल्या.

"मेक्सिकोत असंच असते!" खुमरीच्या आतून आवाज आला.

टेबलांना धडकत, लोकांच्या पायांवर पाय देत देवराव निघाले. अर्धी वाट सरली होती, तेवढ्यात कोपऱ्यातून चिंधूचा आवाज आला. चाळीस फूट उंच क्रेनवरून खाली ओरडून ओरडून तयार झालेला आवाज!

"ओ टोपीवाले भैया! दो सोडा लाना!"

देवराव जागीच थिजले. मग खुमरी नम्रपणे हलली. "जी," म्हणाले आणि केबिनीत घुसले.

पडदा ओढून घेतला तेव्हा कुठे त्यांनी खुमरी वर सारून श्वास घेतला. तो बाहेर सोडायच्या आतच पडदा बाजूला झाला आणि दुसरी खुमरी आत आली. तिच्याखाली गुलाब!

"अरे साहब! आज इधर कैसे? वही लाऊँ?"

"वही! वही!" देवराव ओरडले. "वही मेक्सिकन!"

"बाबा, हा तुम्हाला ओळखतो?" जावयांनी विचारलं.

"ठेकेदाराचा माणूस होता. स्टोअरमध्ये माल उचलायचा." आणि खुमरी पुन्हा खाली ओढत देवरावांनी टेबलाखालून गुलाबच्या पायावर पाय दिला.

"जी, ठेकेदार का आदमी," गुलाब कळवळून म्हणाला.

मग कमलिनीबाईंनी त्याची उलटतपासणी घेतली. यात दूध आहे का? लोणी? तूप? तवा कशानं पुसता? तुपातला झारा राजम्यात घालता का? गुलाबनं आपल्या आईची शपथ घेतली, तेव्हा त्याला जाऊ दिलं.

पदार्थ आले. मक्याचे कुरकुरीत तिकोनी तुकडे, त्यावर राजमा, त्यावर टमाटरची चटणी. कमलिनीबाईंनी एक घास देवासाठी बाजूला काढला आणि दुसरा तोंडात टाकला.

"हे तर मक्याच्या भाकरीचे वाळलेले कुटके आहेत, वर राजम्याची उसळ!"

"आई, याला नाचोज म्हणतात."

"म्हणू द्या, बापा. चांगलं आहे. पण तिखट नाही अजिबात." त्यांनी हिरव्या मिरच्या मागवल्या, बचकाभर तोंडी लावल्या आणि बशी साफ केली. मग दुसरी मागवली! कितीतरी दिवसांनी बाई अशी पोटभर, मनापासून जेवत होती. देवरावांना भरून आलं. खुमरीच्या आतल्या आत त्यांनी डोळे पुसले. एवढं आजचं निभाव देवा, ते मनात म्हणाले, पुढच्या शनिवारपासून एकच पेग!

निभलंही असतं. पण गुलाबच्या हाताला सवय! बिल देताना त्यानं बशीत बडीशेप आणली, आणि बडीशेपेच्या शेजारी पितळी डबी!

कमलिनीबाईंनी झाकण उघडलं. "अगबाई! अष्टगंध!"

 गुलाबनं जीभ चावली, खुमरी पुढे ओढली आणि तो पडद्याबाहेर सटकला.

"मेक्सिकोत जेवण झालं की गंध लावतात," देवराव म्हणाले.

"बाबा, मी तरी असं कुठे ऐकलं नाही," जावई म्हणाले.

"तुम्ही मुंबईले राहता. तुमाले काय माहीत!"

इतक्यात सर्रकन पडदा उघडला. दारात चिंधू! "अबे टोपीवाल्या! कवापासून सोडा मागून राहिलो, अन् तू इथं बसून जेवून राहिला?" आणि त्यानं देवरावांच्या डोक्यावरची खुमरी खसकन ओढली.

"देवराव! तुम्ही?"

मागून दयारामचं डोकं आलं. "कोण देवराव? अरे राजा, भजन सोडून फॅमिलीत कावून लपला बे?" आणि मग दोघांना वहिनी दिसल्या. दयारामनं हातातला ग्लास झटकन पाठीमागे नेला. पाठीमागे गुलाब उभा होता. अख्खा ग्लास त्याच्या खिशात रिकामा झाला. 

"अरे वा!" कमलिनीबाई म्हणाल्या. "सगळं मंडळ इथंच! आज भजन इथं ठेवलं का?"

चिंधूनं दयारामकडे बघितलं. दयारामनं देवरावांकडे. देवरावांनी छताकडे.

"हो वहिनी!" चिंधू बोलून गेला. "आज इथंच!"

"मग म्हणा की! मले मेलीले कधी ऐकायलेच मिळत नाही."

"हो, हो, ऐकू या!" जावयांनी टाळ्याच पिटल्या.

आली का पंचाईत? तिघांपैकी एकालाही भजनाची ओळ येत नव्हती! देवरावांच्या कपाळावर घामाच्या धारा लागल्या. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि तोंडाला आलं ते सुरू केलं. "विठ्ठल! विठ्ठल!" सूर असा वर लागला की खाली यायला शिडी लागली असती. दयाराम चमच्यानं बशी बडवू लागला. आणि चिंधूनं क्रेनवरचा आवाज लावला!

बारमधला कालवा थांबला. कोणीतरी पडदा पूर्ण उघडला. पुढच्या टेबलावरच्यानं ताल धरला, मग शेजारच्यानं. पाहता पाहता अख्खा बार टेबलं बडवून विठ्ठल विठ्ठल करू लागला! खुमरीवाले वेटर टाळ्या वाजवत रिंगण धरून नाचले. मालकानं काउंटरवरच्या बाटल्यांपुढे उदबत्ती लावली. एक गृहस्थ डुलत आले आणि कमलिनीबाईंच्या पायांवर कोसळले. "माताजी! आज से छोड़ दी!" म्हणून हमसून हमसून रडले, आणि राहिलेला ग्लास संपवायला परत टेबलावर गेले.

भजन थांबलं तेव्हा कमलिनीबाईंनी पितळी डबी उघडली, तिघांच्या कपाळी स्वतःच्या हातानं गंध लावला आणि हात जोडले.

"इतकं गोड भजन, अन् असं दारोदार कावून? पुढच्या शनिवारपासून आपल्या घरी! दर शनिवारी! दयारामभाऊ, चिंधूभाऊ, यायचं हं."

"येऊ ना वहिनी," दोघं म्हणाले. आवाज मात्र कोणी गेल्याचा निरोप सांगावा, तसा.

पुढच्या शनिवारी देवरावांच्या क्वार्टरमध्ये सतरंजी अंथरली गेली. दयारामची बायको आली, चिंधूची आली, शेजारपाजार आला. टाळ पिशवीबाहेर निघाले. गुलाबसुद्धा सुट्टी काढून आला, "माताजी ने बुलाया" म्हणून! दिवेलागणीपासून तिघांनी टाहो फोडला तो फोडलाच. थांबले की कमलिनीबाई म्हणायच्या, "अजून एक!"

शेवटी आरती झाली, लोक गेले. देवराव भिंतीला टेकून बसले होते. तेवढ्यात कमलिनीबाई आतून आल्या. हातात कप. कपात चहा. घट्ट, तपकिरी, वर जाडजूड साय!

देवरावांनी कपाकडे बोट दाखवलं. डोळे वटारून दूध, दूध अशी खूण केली.

"नेम संपला," कमलिनीबाई म्हणाल्या आणि पहिला घोट घेऊन डोळे मिटले. "आहा! झाली इच्छा पूर्ण."

देवरावांनी हातानं विचारलं, प्रमोशन?

"प्रमोशन कोणाले पाहिजे होतं? देवाले एवढंच म्हटलं होतं, की शनिवारी हा माणूस ज्या भजनाले जातो, ते भजन एकदा खरंच होऊ दे."

देवरावांनी दोन्ही हात पसरले. तुले समजलं कसं?

"इतकी वर्षं भजनाले जाता," कमलिनीबाईंनी साय बोटानं उचलून तोंडात टाकली, "एका शनिवारी तरी घसा बसला का तुमचा?"

देवरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण आवाजच फुटेना!