गुरुवारच्या अंड्याचा अलंकार

बालकथांमधील अलंकार ओळखता न येणे ही चौथीच्या मुलांमधील गंभीर उणीव असल्याचे शिक्षण खात्याच्या निदर्शनास आले. ही उणीव एकतीस मार्चपूर्वी भरून काढावी, असे परिपत्रक निघाले.

बंगालातल्या जलंगी नदीकाठच्या आमच्या हाटखोला गावात हे काम शर्बरी कुंडू यांच्याकडे आले, कारण शाळेत त्या एकट्याच शिक्षिका होत्या. मुले त्यांना दिदिमोनी म्हणत. दिदिमोनींनी परिपत्रक मनावर घेतले, ही त्यांची पहिली चूक.

महिनाभरात वर्ग तयार झाला. गोष्टीतला ढग शेताच्या कानात कुजबुजला, की मुले ओरडत, “चेतनगुणोक्ती!” राजाच्या मिशा ताडाला टेकल्या, की “अतिशयोक्ती!” मग हे लोण घरोघर गेले. बाजारात मासेवाला म्हणाला, “बौदी, हा इलिश नाही, चांदी आहे चांदी!” त्यावर पुटुली बाग नावाची दहा वर्षांची मुलगी आईचा पदर ओढत म्हणाली, “अपन्हुती आहे गं. खरी वस्तू नाकारून भलतीच सांगतोय. चल पुढे.”

तपासणीला निरीक्षक भवतोष समाद्दार आले, तो वार नेमका गुरुवार होता.

“मुलांनो, ही शाळा म्हणजे मंदिर आहे!” ते म्हणाले.

“रूपक!” वर्ग गरजला.

“वा! आणि मी तुम्हाला वडिलांसारखा.”

“उपमा!”

समाद्दारबाबूंचा चेहरा फुलला. “आता तुम्ही विचारा काहीतरी.”

पुटुली उभी राहिली. “मास्टरमोशाय, भिंतीवरच्या फलकावर लिहिलंय, ‘गुरुवार : भात आणि अंड्याचा रस्सेदार झोल’. ताटात दर गुरुवारी बटाटा येतो. हा कुठला अलंकार?”

समाद्दारबाबूंनी फलकाकडे पाहिले, मग दिदिमोनींकडे. “बाळ, फलक म्हणजे काही बालकथा नव्हे. अलंकार फक्त बालकथेत ओळखायचे.”

“म्हणजे फलकावरचं खरं आहे?”

“शंभर टक्के! सरकारी फलक आहे तो!”

“मग अंडं कुठाय?”

स्वयंपाकीण अन्नकाली मासी दारात उभी होती. तिला राहवले नाही. “अहो बाबू, मी बटाटा सोलून अख्खाच टाकते. डोळे मिटून खाल्लं, तर जणू अंडंच!”

“जणू म्हणाली! उत्प्रेक्षा!” अर्धा वर्ग ओरडला.

“हॅट! बटाटा नाकारलाय, अपन्हुतीच!” उरलेला अर्धा उठला, आणि दोन्ही पक्षांत पाट्यांची फेकाफेक झाली.

समाद्दारबाबूंनी दिदिमोनींना कचेरीच्या खोलीत नेले. “हे काय शिकवून ठेवलंत?”

“परिपत्रकात होतं तेच.”

“अलंकार ओळखायला शिकवा म्हटलं होतं. दिसेल तिथे ओळखा असं कोण म्हणालं? सुंदरबनातल्या एका बेटावर जागा रिकामी आहे, कळलं? दिवसातून एकदा होडी जाते.”

दिदिमोनींच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे आणि पाचवीतली मुलगी होती. पण बाई मुळात व्याकरणाच्या. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. “मी जाते की. फक्त एवढं लिहून द्या, की फलकावरचं अंडं खरं आहे की अलंकार? खरं असेल तर उद्या मुलांना वाढते. अलंकार असेल तर परीक्षेला घेते.”

समाद्दारबाबूंनी पेनाचे टोपण काढले आणि पुन्हा लावले. खरे लिहावे, तर अंडी गेली कुठे? अलंकार लिहावे, तर फलक खोटा. त्यांनी प्रकरण वर पाठवले. वरच्यांनी ते आणखी वर पाठवले. राजधानीतून तीन वैयाकरणांची समिती आली. तिने दोन दिवस बटाटा चाखून तीन वेगवेगळी मते दिली.

अखेर आदेश निघाला : ‘सदर फलक हा बालकथा या वाङ्मयप्रकारात मोडतो, असे मानण्यात यावे.’

सगळे एका फटक्यात निर्दोष झाले. बालकथेत अंडे नसले म्हणून कोण कुणाला जाब विचारणार? दिदिमोनींची बदली टळली आणि वर अभिनंदनाचे पत्र आले. ते त्यांनी वर्गात वाचून दाखवताच मुलांनी त्यात सहा अलंकार काढले.

हा आदेश पाहून इतर खात्यांची रांग लागली. आरोग्य केंद्राने ‘चोवीस तास सेवा’, पाणीपुरवठ्याने ‘शुद्ध जल’ आणि बांधकामाने ‘पूल पूर्ण’ हे आपापले फलक बालकथा ठरवून घेतले. चौथीचे पुस्तक चांगलेच जाड झाले. मुले खुशीत होती, कारण धडे आता पायी फिरून वाचता येत. न बांधलेल्या पुलाच्या सहलीला तर सगळा गाव गेला. लोकांनी काठावर बसून चुरमुऱ्यांची मुडी खाल्ली आणि पलीकडच्या गावाला हात केले.

प्रौढांसाठीही असे वर्ग काढावेत, असा प्रस्ताव दिदिमोनींनी पाठवला. खात्याने तो फेटाळला. कारण दिले, की प्रौढांना अलंकार शिकवण्याची गरज नाही, ते स्वतःच त्यांखाली सह्या करतात.

तुम्ही हसलात. बँकेत परवा बारीक अक्षरातल्या चौदा पानांखाली तुम्हीही सही केलीत, ‘वरील मजकूर वाचला, समजला व मान्य आहे’ म्हणून. त्यातला ‘वाचला’ हा कुठला अलंकार, तेवढे सांगा बघू.