उपाशी पेशींना मेजवानी

"तू फक्त बघत राहा, इब्तिसाम! आज जिवंत पेशी साखर कशी खाते, ते अख्ख्या स्फाक्स शहराला दाखवतो!" कानामागे चमेलीचा तुरा खोवत सी नौफल, म्हणजे प्रयोगशाळेचे नौफलसाहेब, म्हणाले.

इब्तिसाम बघतच आली होती. साहेबांनी बोलायचं आणि तिनं निस्तरायचं! दोन वर्षं खपून तिनं पेशींत एक प्रथिन बसवलं होतं. आत साखर शिरली की ते हिरवंगार उजळायचं, साखर पचली की मंदावायचं. आज ते पाहायला राजधानीतून मंडळी येणार होती. पटलं तर महागडा मायक्रोस्कोप इथंच राहणार, नाहीतर परत राजधानीला, ट्यूनिसला!

पेशी सकाळपासून काचेच्या डिशमध्ये उपाशी होत्या, बिनसाखरेच्या पाण्यात.

"सी नौफल, मी पाहुण्यांना घेऊन येते. तोवर डिशला हात लावू नका."

"अगं, मी काय लहान मूल आहे?"

मूल असते तर निदान पाळण्यात तरी घातलं असतं!

मंडळी आली. पुढे मादाम दोर्साफ, ठेंगण्या, मितभाषी. बाई कारकून असणार असं ठरवून नौफलनी बहिऱ्याला सांगावं तसं सुरू केलं, "पे-शी! म्हणजे खूऽप छोटी असते हं!"

मायक्रोस्कोपचा पडदा उजळला आणि इब्तिसामनं वळून डिशकडे पाहिलं. उपाशी पेशी मिणमिणायला हव्यात. या तर लग्नघरासारख्या झगमगत होत्या!

"आता साखर!" नौफलनी थेंब सोडला.

ढिम्म!

"लाजतायत!" आणखी थेंब. तरी ढिम्म. शेवटी बाटलीच उपडी केली!

इब्तिसाम कुजबुजली, "डिशमधलं पाणी गुलाबी कसं हो?"

"मी बदललं. तुझं ते बिनरंगी पाणी अगदीच दरिद्री दिसत होतं!"

"अहो, त्या गुलाबी पाण्यात साखर असते! पोट फुटेस्तोवर जेवल्यात त्या!"

"मग आधी नाही का सांगायचं?"

एवढ्या साखरेनं पेशींतलं पाणी ओढून घेतलं. पडद्यावर एकेक पेशी मनुकेसारखी सुरकुतली, तळापासून सुटली आणि तरंगू लागली.

"यांना काय झालं?" मादामनी विचारलं.

"काही नाही! जेवण अंगावर आलं. विसावल्यात जरा."

"डॉक्टर, मी तीस वर्षं शवविच्छेदन करतेय," मादाम शांतपणे म्हणाल्या. "असं विसावलेल्यांना आम्ही नातेवाइकांच्या ताब्यात देतो."

साहेबांचा स्वभाव ठाऊक असल्यानं इब्तिसामनं दुसरी डिश कुलपात ठेवली होती. ती आणली, साखरेचा एक थेंब सोडला. अंधारातून एकेक पेशी हिरवी उमलत गेली. मादाम पडद्याला नाक लावून उभ्याच राहिल्या.

मायक्रोस्कोप स्फाक्सलाच राहिला, पण इब्तिसामच्या ताब्यात.

"माझा प्रयोग पाहून मंडळी अवाक् झाली!" असं नौफल आजही कॅफेत सांगतात. त्यात खोटं काहीच नाही!