नवरा असल्याचा पुरावा

लग्न खरं की खोटं, हे नवरा-बायकोला कधीच सांगता येत नाही. ते सांगायला तिसरा माणूस लागतो. आपल्या पूर्वजांनी या कामी जेवायला आलेल्या पाहुण्यांची नेमणूक केली, अमेरिकेनं वकिलातीतल्या अधिकाऱ्याची केली. दोन्ही पद्धती उत्तमच आहेत. फरक एवढाच, की पाहुणे गव्हाची गोड हुग्गी खाऊन गप्प बसतात आणि अधिकारी काहीही न खाता प्रश्न विचारतो.

वळसंगच्या चनबसप्पांची मुलगी शिवलीला हिचं लग्न शरणबसवशी झालं. शरणबसव मूळचा मंद्रूपचा, नोकरीला ह्यूस्टनला, आणि आता अमेरिकेचा नागरिक. नागरिकाला आपली बायको तिकडं नेता येते, ही त्या देशाची उदारताच म्हणायची. अट एकच: लग्न खरं असलं पाहिजे. नुसतं झालेलं चालत नाही.

चनबसप्पांना ही अट म्हणजे पोरखेळ वाटला. ‘‘दोन हजार पान उठलं. एक माणूस म्हनला न्हाय, लग्न खोटं हाय म्हनून,’’ ते म्हणाले. (आमटीत मीठ कमी आहे असं तिघं-चौघं म्हणाले होते, पण तो मुद्दा वेगळा.)

तरी सल्ला घेतलेला बरा, म्हणून आम्ही सगळे शहरात ‘सात रस्ता’ चौकातल्या इंद्रजीत यांच्या व्हिसा सल्ला केंद्रात गेलो. प्रस्तुत लेखक साक्षीदार म्हणून होता. केंद्राची रचना सुटसुटीत आहे: खाली झेरॉक्स, वर परदेश. इंद्रजीत स्वतः पुण्याच्या पलीकडे गेलेले नाहीत. (सल्लागारानं जाऊन आलेलं असू नये. मत कलुषित होतं.)

त्यांनी आधी दोघांचे एकत्र फोटो मागितले. अल्बम भरगच्च होता आणि प्रत्येक फोटोत दोघंही होती. पण सोबत मामा, मावश्या, सोसायटीचे चेअरमन आणि एक कुणालाच न ओळखता आलेले गृहस्थ होते. चौकात लागलेल्या शुभेच्छांच्या फ्लेक्सचा फोटोही निघाला. त्यात शुभेच्छुक ठळक दिसत होते, नवरदेव गॉगल लावून होता आणि नवरी विजेच्या खांबाआड गेली होती.

लग्नानंतर शरणबसव जेमतेम दोन आठवडे इथं होता. ते नातेवाइकांकडं जेवायला जाण्यात गेले. पुरुषांची पंगत आधी, बायकांची नंतर. त्यामुळं नवरा-बायकोनं एकमेकांना जेवताना पाहिलेलंच नव्हतं.

‘‘काळजी नको, काका,’’ इंद्रजीत म्हणाले. ‘‘खऱ्या जोडप्याला एकमेकांची माहिती असते. वीस प्रश्नांची चाचणी घेऊ.’’

‘‘आदी आमची घे,’’ चनबसप्पा म्हणाले. ‘‘चौतीस वर्सं झाली लग्नाला. आमचं बघ, मग पोरीला शिकव.’’

त्यांच्या पत्नी निंगव्वा यांना खाली झेरॉक्सच्या यंत्राशेजारी बसवण्यात आलं. त्यांनी वीसच्या वीस उत्तरं दिली. वर न विचारता सांगितलं, की मालकांची उजवीकडची दाढ दुखते आणि ते धाकट्या भावावर रुसलेत, पण दोन्ही गोष्टी ते कबूल करणार नाहीत.

मग चनबसप्पांची पाळी आली.

‘‘काकूंना खायला काय आवडतं?’’

‘‘तिला व्हय? उरंल ते. लई आवडीनं खाती.’’

‘‘झोपतात कुठल्या कुशीवर?’’

‘‘बगितलं न्हाय की. मी झोपल्यावर झोपती, मी उठायच्या आत उटती.’’

‘‘कशाची भीती वाटते?’’

‘‘माजी!’’ हे उत्तर त्यांनी मिशीवर हात फिरवून दिलं. इंद्रजीत यांनी अर्धा गुण दिला.

निकाल असा लागला: निंगव्वा या चनबसप्पांच्या पत्नी आहेत, हे निर्विवाद सिद्ध होतं. चनबसप्पा हे निंगव्वांचे पती असल्याचा पुरावा आढळत नाही. अशा एकतर्फी विवाहाबाबत कायदा मौन पाळतो.

इंद्रजीत यांना यात शास्त्रीय गोडी वाटू लागली. त्यांनी आसपासच्या दुकानदारांचीही चाचणी घेतली. बायका झाडून पास झाल्या. पुरुषांत एकच पास झाला, आणि त्याची बायको दोन वर्षांपूर्वी वारली आहे. आता दिवसभर तेच आठवत बसतो, म्हणाला. (प्रस्तुत लेखकाला चाचणीच्या वेळी तातडीचं काम निघालं.)

शेवटी शरणबसवला व्हिडिओ कॉल लावला. तो सासऱ्यापेक्षा अडीच गुणांनी पुढं राहिला.

‘‘सोपं आहे,’’ इंद्रजीत म्हणाले. ‘‘ताईंची उत्तरं मी त्यांना पाठवतो. पाठ करतील.’’

अल्बम मांडीवर घेऊन बसलेली शिवलीला म्हणाली, ‘‘नका पाठवू, सर.’’

‘‘अहो, मग व्हिसा?’’

‘‘ऱ्हाऊ द्या व्हिसा. त्यान्ला मला इचारू द्या की. तेवढंबी इचारनार नसतील, तर तितं जाऊन मी काय करू? उरंल ते खाऊ?’’

चनबसप्पा पंख्याकडं बघू लागले. वर येऊनही खुर्चीच्या कडेलाच टेकलेल्या निंगव्वा पहिल्यांदा मागं रेलून बसल्या.

वकिलातीतल्या मुलाखतीची तारीख शिवलीलानं पुढं ढकलली. शरणबसव चिडला आणि त्याचा फोन येईना. वळसंगात बोलणी सुरू झाली, की पोरगी हट्टापायी नांदायची राहणार. ती रोज वेळेवर जेवायची, पण ताटात निम्मं राहायचं. खरं सांगतो, त्या दिवसांत मलाच भीती वाटायला लागली होती.

आणि एका सकाळी फोन आला. ‘‘तुला कारलं आवडतं का गं?’’

‘‘न्हाय.’’

मग, ‘‘मलाबी न्हाय.’’

तिथून पुढं तो रोज काही ना काही विचारत राहिला, आणि तिनंही विचारलं. मुलाखतीपर्यंत दोघांची दोन कडाक्याची भांडणं झाली होती. अधिकाऱ्यानं विचारलं, नवऱ्याला तुमच्याबद्दल काय माहीत आहे? शिवलीलानं भांडणांपासून सुरुवात केली. ती दुसऱ्या भांडणावर येईपर्यंत व्हिसा मंजूर झाला होता.

ती ह्यूस्टनला गेली. चनबसप्पा सध्या फेरपरीक्षेचा अभ्यास करतात. निंगव्वांकडं उत्तरं मागितली, तर त्या म्हणतात, ‘‘चौतीस वर्सं पेपर म्होरं हुता की.’’

वाचकहो, ही चाचणी आपल्यालाही खुली आहे, पासपोर्ट लागत नाही. प्रश्न एकच: आपण हे वाचून चनबसप्पांना हसत असताना, आपली बायको घरात नेमकी कुठं आहे आणि काय करते आहे? हाक मारून विचारायचं नाही. ती कॉपी धरली जाते.